गोव्यातल्या कष्टकरी पणजोबांचा माग काढताय? या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे पणजोबांचं नाव-आडनाव घेऊन थेट पणजीला पुराभिलेखात, म्हणजे सरकारी जुन्या दप्तरात, जाऊन बसायचं. ते दप्तर 1595 साली सुरू झालेलं, त्यात व्हाइसरॉय, गावकारी (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), देवळं, भाटकार म्हणजे जमीनमालक, सगळे भेटतील, पण दुसऱ्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, नारळ पाडणारा पाडेली त्यात नावानिशी सहज हाताला लागत नाही. त्याची नोंद शोधायची ती ज्याच्याकडे तो राबला त्याच्या कागदांत. म्हणून आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा की आपलं घर कोणाच्या भाटात होतं, शेत कोणाचं कसत होतो. भाटकाराचं नाव कळलं की अर्धं काम झालं.

मग एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा उतारा, आपल्या सातबारासारखा) काढा आणि फक्त मालकाचं नाव बघून ठेवून देऊ नका, कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना वाचा. त्याहून भारी म्हणजे मामलेदाराकडच्या जुन्या केसेस. 1964 चा कूळ कायदा आणि 1975 चा मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा) कायदा, या दोन्हींखाली लोकांनी अर्ज केले, आणि आपण इथे कधीपासून राहतो हे दाखवायचं म्हणजे जबान्या आल्या, शेजाऱ्यांच्या साक्षी आल्या, पंचनामा आला. ज्या माणसाने आयुष्यात चार ओळी लिहिल्या नाहीत त्याचं घर, विहीर, बापाचं नाव, सगळं त्या फायलीत असू शकतं. लोक ही फाईल जमिनीचं भांडण म्हणून बाजूला टाकतात, कमालच आहे.

जन्मनोंद सापडत नाही? बहुतेक वेळा स्पेलिंगचा घोळ असतो. पोर्तुगीज कारकून श साठी एक्स लिहायचा, नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई, गावकरमध्ये क साठी सी, विष्णूच्या शेवटी एम. आणि आडनाव असेलच असं धरून चालू नका, कधी बापाचं नावच पुढे लावलेलं असतं. त्यामुळे इंडेक्समध्ये आडनावावर अडकू नका, नुसत्या नावाने, मग बापाच्या नावाने, मग गावाने बघा. शाळेच्या दाखल्यावर 1 जून असेल तर ती तारीख मास्तरांनी टाकलेली असण्याची शक्यता जास्त, मागची-पुढची चार-पाच वर्षं चाळा. तालुकाही तपासा, धारबांदोडा तालुका 2011 साली झाला, कुळे-मोलेची जुनी नोंद सांगेत शोधायला हवी.

घरातल्या ट्रंकेत भाटकाराच्या पावत्या असतील तर फेकू नका. तारीख पुसली असली तरी रक्कम वाचा: एस्कुद हे पोर्तुगीज चलन लिहिलं असेल तर पावती 1959 नंतरची, रुपया आणि टांगा (रुपयाखालचं जुनं नाणं) असेल तर साधारण त्याआधीची. मोडीतली वही असेल तर मोडी वाचणाऱ्याला गाठा, लिपी कळत नाही म्हणून रद्दीत घालणारे मी बघितलेत.

आणि माणूस गोव्यातच राहिला असं गृहीत धरू नका. पेडण्या-डिचोलीचे कितीतरी जण मुंबईला गिरणीत गेले, ख्रिस्ती तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारे, बोटीवर चढायच्या आधी मुंबईत धोबीतलावच्या कुडात (गोंयकारांच्या गावनिहाय वसतिगृहात) राहायचे. मुरगावची रेल्वे पोर्तुगीज हद्दीतली असली तरी कंपनी ब्रिटिश, तेव्हा तिथल्या खलाशाचा किंवा गँगमनचा कागद पणजीत मिळाला नाही तर नवल नाही. गिरणीवाल्यांसाठी पीएफची स्लिप शोधा, ती योजना 1952 ची, त्याआधी सुटलेल्याचं त्यात काही नसणार.

शेवटचं, सब-रजिस्ट्रारकडे छोटा दाखला घेऊन परत येऊ नका. तियोर मागा, म्हणजे नोंदीचा पूर्ण मजकूर, त्यात आईबापाची नावं आणि बापाचा धंदाही असू शकतो. आणि वही नंबर, पान, नोंद नंबर वहीत टिपून ठेवा, पुढच्या वेळी काउंटरवर तेच विचारतात.