हजार किलोमीटर, दोनशे पानी वही आणि नागपूरचा मे महिना

मदतनिधीसाठी वर्षभरात हजार किलोमीटर धावायचं, असं मी एकदा १ जानेवारीला ठरवलं आणि गुढीपाडव्यापर्यंत बंद पडलो. २३१ किलोमीटर. आकडा पाठ आहे, कारण वहीत त्याच्याखाली लाल पेनाने रेघ मारली होती. किलोमीटरमागे रुपया-दोन रुपये कबूल केलेली माणसं आमच्याच गल्लीतली. तोंड लपवायला पुढचे पंधरा दिवस मी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जाणंही टाळलं. शेवटी ठेलेवाल्या भाऊनेच गाठलं. "काऊन जी, धावून नाही राहिले आजकाल?" खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "मंग चालत या ना. चालत आलं तरी पोहे भेटतात."

दुसऱ्या खेपेला हजार पुरे झाले. मधल्या काळात माझ्या अंगी काही पोलादी निर्धार आला नव्हता. उत्साह तीन-चार महिन्यांत ओसरणारच, हे आधीच धरून वर्ष मांडलं, एवढाच फरक. ती मांडणी अशी.

पहिलं काम: सुरुवात दसऱ्याला करा

जानेवारीत सुरू केलं की पहिला जोश ओसरायला आणि नागपूरचं ऊन तापायला एकच मुहूर्त लागतो. एप्रिलमध्ये मन म्हणतं पुरे आणि अंगही म्हणतं पुरे. त्यापेक्षा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आरंभ करा. पाऊस गेलेला असतो, थंडी पुढे असते, आणि ऊन येईपर्यंत निम्म्याहून जास्त काम हातावेगळं होतं.

हजाराला बाराने भागून महिन्याला ८३ असा हिशेब करू नका. तो पुण्यातल्या माणसाला चालत असेल. माझा असा होता: ऑक्टोबर ९०, नोव्हेंबर ११०, डिसेंबर आणि जानेवारी १२०-१२०, फेब्रुवारी ११०, मार्च ८०, एप्रिल ५०, मे फक्त ३०, जून ५०, जुलै ७०, ऑगस्ट ८०, सप्टेंबर ९०. बेरीज करून पाहा, बरोबर हजार होते. फेब्रुवारी संपताना ५५० झालेले असतात, त्यामुळे मार्चमध्ये कंटाळा आला तरी आपण मागे पडलोय ही टोचणी नसते. माझ्या मते माणूस दमून कमी सोडतो, मागे पडल्याच्या लाजेने जास्त सोडतो.

एकदम नव्याने धावणाऱ्याने मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चालणं आणि हलकं पळणं सुरू करावं, म्हणजे ऑक्टोबरचे ९० अंगावर येणार नाहीत. चाळिशी ओलांडली असेल तर त्याआधी बीपी, शुगर दाखवून घ्या. बुटांचा एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो, म्हणजे वर्षाला दोन जोड धरा. तो खर्च आपल्या खिशातून, निधीतून नव्हे. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाका.

दुसरं: हजार हा आकडा दिसेल असा करा

डोळ्यांपुढे हजार किलोमीटर उभे राहत नाहीत. मी आमच्या अपार्टमेंटच्या लिफ्टशेजारी समृद्धी महामार्गाची एक लांब पट्टी चिकटवली. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर, त्यात शिर्डी ५२० वर. (त्या रस्त्यावर पायी जायला बंदीच आहे, म्हणून धावायचं सिव्हिल लाइन्समध्ये आणि पोचायचं कागदावर.) दर रविवारी एक टिकली पुढे सरकवायची. वरच्या आराखड्याप्रमाणे शिर्डी फेब्रुवारीतच येते. एप्रिल संपताना ६८० होतात आणि मेचे ते ३० किलोमीटर तुम्हाला ७०१ च्या पार नेतात. वर्षातला सगळ्यात नकोसा महिना आपोआप मुक्कामाचा महिना होतो. हे मी ठरवून केलं नव्हतं, पट्टीवर मांडल्यावर दिसलं. उरलेले तीनशेच्या आसपास म्हणजे परतीचा रस्ता.

टिकलीचा फायदा असा की चौकशी करणारे वाढतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकाजींना माझ्या गुडघ्याचं काही पडलेलं नव्हतं, पण "टिकली जालन्यातच अटकून राहिली ना बाप्पा" हे ते न चुकता ऐकवत.

तिसरं: वही घाला, आणि नियम आधीच लिहा

दसऱ्याला सोनं द्यायला आपण घरोघर जातोच, तेव्हाच वही सोबत न्यावी. (त्या दिवशी दीक्षाभूमीच्या बाजूला धावायला मात्र जाऊ नका. देशभरातून माणसं आलेली असतात, तिथे आपल्या धावण्याची अडचण कशाला.) एका पानावर एक नाव, किलोमीटरमागे किती ते, आणि समोर सही. रुपया म्हणजे वर्षाचे हजार रुपये होतात, हे त्याच वेळी बोलून दाखवा, नाहीतर सप्टेंबरमध्ये लोक दचकतात. ज्याला आकडा वाढण्याची धास्ती वाटते त्याच्याकडून एकरकमी घ्या.

पैसे आपल्या खात्यात घेऊच नका. संस्थेच्या खात्यात थेट जाऊ द्या आणि पावती देणाऱ्याच्या नावे निघू द्या. देणगीवरची प्राप्तिकराची सवलत (८०-जी म्हणतात ती) हवी असलेल्यांना दोन गोष्टी सांगा: दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत मिळत नाही.

पहिल्या पानावर नियम लिहा. चालणं मोजायचं का? ट्रेडमिल? आजारपणात काय? मी चालणं निम्मं धरलं, ट्रेडमिल पूर्ण, आणि दुखापत झाली तर कमाल सहा आठवडे मुदतवाढ. हे आधी लिहिलेलं नसेल तर नडगी दुखत असताना "लोकांचे पैसे अडकलेत" म्हणून माणूस धावत सुटतो आणि हाडाला बारीक चीर पाडून घेतो. धावल्यावर आखडणं वेगळं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, जे धावताना वाढत जातं, ते वेगळं. दुसऱ्या प्रकारात त्याच दिवशी थांबायचं.

चौथं: पैसे कुठे जातात ते एकदा जाऊन पाहा

मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांसाठी धावलो. विदर्भात हा आजार आपल्या आसपास आहे, तरी आई आणि वडील दोघेही वाहक (म्हणजे दोष अंगात असूनही स्वतः आजारी नसलेले) असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता चारात एक असते, हे शिकलेल्या घरांतही ठाऊक नसतं. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं फोडून काढल्यासारख्या वेदना उठतात. थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, असं काहीही निमित्त पुरतं.

डिसेंबरमध्ये एका सकाळी वॉर्डात जाऊन बसलो. गडचिरोलीकडून आलेला आठ-नऊ वर्षांचा पोरगा, गळ्यात पट्ट्याची प्लास्टिकची बाटली. आई दर थोड्या वेळाने बाटली उजेडासमोर धरून पाणी किती उतरलं ते पाही आणि नखाने खूण करी. तो माझ्या बुटांकडे बघत होता. "किती धावता?" म्हणाला. मी सांगितलं, आज आठ. "मग पाणी किती पिता?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हापासून मी वहीत किलोमीटरच्या शेजारी पाण्याचा रकाना घातला.

फोटो काढू नका, भाषण करू नका, खाऊ न्यायचा असेल तर आधी सिस्टरांना विचारा. आणि जमलं तर स्वतःचीही तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती होते. सिकलसेलचा वाहक एरवी धडधाकट असतो, पण कडक उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, अंगाबाहेर श्रम केले तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. विदर्भात धावणाऱ्याने ही गोष्ट ऐकून सोडून देऊ नये.

पाचवं: मे महिना सांभाळा

पारा पंचेचाळिशीवर जातो, सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि सात वाजता डांबर तापायला लागतं. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या, नऊ दिवसांत मी धावतच नाही, चालतो, तेही उजाडण्याआधी. उरलेल्यांपैकी मोजक्याच दिवशी चार-पाच किलोमीटर, सावलीच्या रस्त्याने. सिव्हिल लाइन्समधला वॉकर्स स्ट्रीट त्यासाठी बरा. फुटाळ्याचा मोकळा काठ आणि सेमिनरी हिल्सचा चढ थंडीसाठी राखून ठेवा. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात, तेव्हा थंड हवेच्या ठिकाणाहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी जोर करू नका.

एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कैरीचं पन्हं घरी आल्यावर. चक्कर, उन्हात अंगावर काटा, मळमळ, बोलताना गोंधळ, यातलं काही जाणवलं की सावलीत थांबायचं, अंग ओलं करायचं आणि कुणाला तरी बोलवायचं. गोंधळलेल्या माणसाला एकटं घरी पाठवू नये, थेट दवाखान्यात न्यावं.

या महिन्यात कमी धावलो म्हणून मनाला लावून घेऊ नका. तीसच ठरले होते.

सहावं: दांडीचा रकाना

दांडी मारलीत तर कारण लिहा, खरं. तीन महिन्यांनी ती पानं वाचा. मला वाटत होतं पाहुणे, ऑफिस, सर्दी निघेल. निघालं काय, तर "रात्री उशिरा जेवलो." पुन्हा पुन्हा तेच. लग्नसराईत तर सावजी रस्सा साडेदहाला, आणि पहाटे पोटात आग. मी पहाटेच्या गजराच्या वेगवेगळ्या युक्त्या करून पाहत होतो, दुखणं रात्रीच्या ताटात होतं. आठवड्यातले चार दिवस साडेआठला जेवायचं ठरवलं आणि दांड्या निम्म्यावर आल्या. तुमचं कारण दुसरं निघेल. ते तुमच्याच वहीत सापडेल.

सोबती असेल तर उत्तम, पण गट मोठा नको. दहाजणांच्या गटात आपण नाही गेलो तरी चालतं. कोपऱ्यावर एकटाच माणूस उभा राहणार असेल तर जावंच लागतं.

पावसाळ्याचं फार सांगण्यासारखं नाही. शेवाळलेल्या फुटपाथपेक्षा रस्त्याची कड बरी, ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, आणि खड्डा पाण्याने भरलेला असेल तर तो खोलच आहे असं धरा. ऑगस्टमध्ये माझा गुडघा कुरकुरत होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक बघायला गेलो तेव्हा गर्दीत मीही ओरडून घेतलं, "गुडघेदुखी घेऊन जा गे मारबत!" नंतर पंधरा दिवस फक्त चाललो. गुडघा दुखायचा राहिला, पण यातल्या कशाने ते सांगता येत नाही.

शेवटचं: वसुली

दर अडीचशे किलोमीटरला घरोघरी वही फिरवून तेवढ्यापुरते पैसे संस्थेत जमा करायला सांगा. एकदम वर्षाच्या शेवटी मागायला गेलं की देणाऱ्यालाही जड जातं आणि आपल्यालाही. शिवाय दर दोन-चार महिन्यांनी पाच-पंचवीस घरांत "पुढचं कधी?" असा प्रश्न विचारला जातो. त्या प्रश्नाच्या धाकाने मी जेवढा धावलो तेवढा कुठल्याही गजराने धावलो नाही.

शेवटचे दोन किलोमीटर मुद्दाम रविवारी ठेवा आणि वहीतल्या सगळ्यांना चालायला बोलवा. आमच्याकडे अकराजण आले, त्यात पाचव्या मजल्यावरच्या आजी काठी घेऊन गेटपासून पोह्याच्या ठेल्यापर्यंत आल्या. त्यानंतर पंधरा दिवसांत हिशेब मिटवा. पावत्या वाटा, वहीतल्या प्रत्येक पानावर "जमा" लिहा. माझ्या वहीत दोन पानं अजून कोरी आहेत. त्यातलं एक माझ्या सख्ख्या साळ्याचं आहे.