मध्यस्थीचं प्रशिक्षण घेऊन करिअर कसं उभं करावं

2023 चा मध्यस्थी कायदा आल्यापासून मीडिएशनच्या, म्हणजे मध्यस्थीच्या कोर्सची चौकशी बरेच जण करतात. मध्यस्थी म्हणजे तटस्थ माणसाच्या मदतीने भांडणाऱ्यांनी स्वतःच तडजोड काढणं. प्रश्न ठरलेला असतो: कोर्स झाला की नोकरी कुठे? सरळच सांगतो, नवख्या माणसाला नुसता मीडिएटर म्हणून पगारावर ठेवणारी जागा शोधून सापडत नाही. हे कौशल्य दुसऱ्या एखाद्या कामाच्या जोडीनेच चालतं. म्हणून सुरुवात कोर्सपासून करू नका.

1. आधी मूळ धंदा ठरवा

वकील असाल तर वाट सर्वांत सरळ. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली न्यायालयं दावे मध्यस्थीकडे पाठवतात. 3 लाख रुपये किंवा त्याहून मोठ्या व्यापारी वादात तातडीचा दिलासा मागितलेला नसेल, तर दावा लावण्याआधी मध्यस्थी करावीच लागते. ही अट सक्तीची आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं.

एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) केलेल्यांसाठी कौटुंबिक न्यायालयातलं विवाह समुपदेशकाचं पद आहे. पोलीस ठाण्यांमधले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्षही आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबईत त्यांची सुरुवात केली. इथे एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. घरात मारहाण चालू असताना बाईला ‘जरा जुळवून घे’ म्हणणं म्हणजे समेट नव्हे. कुठली प्रकरणं मध्यस्थीला घ्यायची नाहीत, हे ओळखणं प्रशिक्षणाचाच भाग आहे.

कामगार क्षेत्रात मोठ्या कारखान्यांना कल्याण अधिकारी नेमावाच लागतो आणि एचआरमधल्यांचा निम्मा दिवस भांडणं निस्तरण्यातच जातो. घरखरेदीच्या वादांसाठी महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा सलोखा मंच 2018 पासून आहे. तिथे ग्राहक संघटनेचा आणि बिल्डरांच्या संघटनेचा प्रतिनिधी एकत्र बसतात.

2. मग 40 तासांचं प्रशिक्षण

सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी आणि समेट प्रकल्प समिती 2005 मध्ये स्थापन झाली. तिचा 40 तासांचा अभ्यासक्रम हाच आपल्याकडचा मापदंड. खासगी कोर्सची फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: प्रशिक्षकाने स्वतः किती प्रकरणं हाताळली आहेत, रोल-प्ले (भूमिका घेऊन सराव) किती होणार आणि हे प्रमाणपत्र जिल्ह्याच्या पॅनेलला, म्हणजे न्यायालयाच्या मध्यस्थांच्या यादीला चालतं का. तिसऱ्याचं उत्तर संस्थेकडून घेऊ नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जाऊन विचारा. पॅनेलसाठी किती वर्षांचा अनुभव लागतो, तेही तिथेच कळेल.

3. बसायला शिका

लवाद (आर्बिट्रेटर) निवाडा देतो, मध्यस्थ देत नाही. हे वाचायला सोपं आहे, पण खुर्चीत बसल्यावर जीभ शिवशिवते. समजा, दोन भाऊ शेतरस्त्यावरून भांडतायत. एकत्र बसवलं की दोघं सातबारा काढतात. धाकट्याला वेगळ्या खोलीत घेतलं की तो रस्त्याचं नाव काढत नाही. ‘आईच्या आजारपणात दादा फिरकला नाही’ एवढंच म्हणतो. ही गोष्ट तुम्ही बाहेर जाऊन थोरल्याला सांगितली तर खेळ खलास. धाकट्यानेच ती सांगावी, इथपर्यंत त्याला आणायचं. त्याने परवानगी दिली तरच तुम्ही बोलायचं.

हे पुस्तकातून येत नाही. अनुभवी मध्यस्थाला गाठा, आणि दोन्ही बाजूंची संमती असेल तेव्हा सोबत बसा. मध्यस्थी गोपनीय असते, त्यामुळे मागे खुर्ची टाकून बघत बसता येत नाही. लोकअदालत मात्र जाऊन बघा. तिथली घाईही बघा. अशी घाई करायची नाही, हेही तिथेच कळतं.

4. तडजोडपत्र लिहायला हात बसवा

नवे लोक इथे कच्चे राहतात. सही झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी अमलात आणायची तरतूद 2023 च्या कायद्यात आहे. म्हणजे मोघम वाक्य पुन्हा कोर्टाची पायरी चढायला लावणार. ‘थोरल्याने रस्ता द्यावा’ हे कामाचं नाही. कुठल्या गटातून, कुठल्या बांधालगत, किती फूट रुंद, ट्रॅक्टर जाणार की फक्त बैलगाडी, मोजणीची फी कोण भरणार, कुठल्या तारखेपर्यंत, सगळं लिहा. पावसाळ्यात मुरूम कोण टाकणार, हेसुद्धा.

5. पैशाचं गणित

न्यायालयीन पॅनेलवर मानधन मिळतं, पण त्यावर घर चालेल असं धरू नका. खासगी मध्यस्थीत वेगळं काही ठरलं नसेल तर खर्च दोन्ही पक्षांनी निम्मा-निम्मा द्यायचा, अशी कायद्यात तरतूद आहे. फी पहिल्या बैठकीआधीच लेखी ठरवा. कायद्यात मध्यस्थी संपवायची मुदत 120 दिवसांची आहे, पक्षांच्या संमतीने आणखी 60 दिवस मिळतात. त्यामुळे ताटकळणाऱ्या प्रकरणाचा हिशेबही आधीच करून ठेवा. खासगी कामं ओळखीतून येतात, म्हणून मूळ धंदा सोडायची घाई नको.

वकिलीची किंवा एमएसडब्ल्यूची पदवी नसलेल्यांनीही मागे राहू नये. गावात 2007 च्या तंटामुक्त मोहिमेपासून समित्यांची सवय आहेच. नव्या कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी तीन मध्यस्थांच्या पॅनेलची सोय आहे. फक्त तिथल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ नाही, हे लोकांना आधी सांगा. प्रवेशाचा सोपा दरवाजा म्हणजे विधी स्वयंसेवक, म्हणजे पीएलव्ही (पॅरा लीगल व्हॉलंटिअर). तालुका विधी सेवा समितीकडे भरती कधी निघणार ते विचारून ठेवा आणि अर्ज करा.