पाळीतील पोटदुखी : शेक आणि गोळी योग्य वेळी

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोराने आवळला जातो, त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी पडतो आणि ओटीपोटात उठलेल्या कळा कंबरेत व मांड्यांत उतरतात. हा त्रास बहुधा रक्तस्रावाच्या सुमारास सुरू होऊन 2 ते 3 दिवसांत ओसरतो. दुखणे असह्य होईपर्यंत उपाय लांबवण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडायला हवी.

शेकासाठी रबरी पिशवीत उकळते पाणी न ओतता चांगले गरम पाणी दोन-तृतीयांश भरावे, बूच लावण्यापूर्वी पिशवी दाबून आतली हवा काढावी आणि ती सुती टॉवेलात गुंडाळून ओटीपोटावर 15 ते 20 मिनिटे ठेवावी. पिशवी नसल्यास खडे मीठ तव्यावर तापवून जाड फडक्यात त्याची पुरचुंडी बांधता येते. पण मीठ फार तापते, म्हणून ती आधी मनगटाला लावून पाहावी. शेक घेत झोपी जाऊ नये, त्वचा भाजते. कोमट पाण्याने आंघोळ करण्यानेही आराम पडतो. पाळीत नहाऊ नये या समजुतीला आधार नाही.

आयबुप्रोफेनसारखी गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यालाच अटकाव करते, त्यामुळे ती कळा सुरू होताच, काहीतरी खाऊन घ्यावी. प्रौढ स्त्रीने आयबुप्रोफेनसाठी एका वेळी 200 ते 400 मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान 6 तासांचे अंतर आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना दिवसाला 1200 मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी. दमा, जठरातील व्रण, मूत्रपिंडाचा विकार, गर्भधारणेची शक्यता किंवा डेंग्यूचा संशय असल्यास ती घेऊ नये. औषधाच्या दुकानात सर्रास मागितल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिड या दुसऱ्या वेदनाशामकाबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने 2023 च्या अखेरीस गंभीर ॲलर्जीचा इशारा दिला होता. अंगावर पुरळ व ताप आल्यास ते तात्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे.

सुंठ घातलेला चहा घ्यायला हरकत नाही. ओव्याने वायू सरतो म्हणतात, पण कळांवर त्याचा भरवसा धरू नये. महिनाभर नियमित चालणे किंवा योगासने केल्यास पुढच्या पाळ्या सुसह्य होऊ शकतात.

दुखणे दर महिन्याला वाढत असेल, गोळीला दाद देत नसेल, पाळी नसतानाही किंवा संबंधाच्या वेळी होत असेल, अथवा दर तासाला पॅड बदलावे लागत असेल, तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणे) किंवा गर्भाशयातील गाठींची तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून करून घ्यावी. पाळी चुकल्यानंतर एका बाजूला तीव्र कळ आणि भोवळ आल्यास घरी न थांबता थेट रुग्णालय गाठावे.