सिलिकॉनचे बेकिंग साचे वापरताना या चुका टाळा

केक वरून छान फुललेला, पण तळाशी पांढुरका आणि दमट. साचा कितीही धुतला तरी हाताला ओशट. नव्या साच्यातल्या पहिल्याच केकला रबरासारखा वास. सिलिकॉनच्या साच्यांबद्दल ऐकू येणाऱ्या बहुतेक तक्रारी या तिघींपैकीच असतात, आणि वैतागून लोक साचा फेकून तरी देतात किंवा माळ्यावर टाकतात. या सगळ्याच्या मुळाशी सिलिकॉनचे दोन गुणधर्म आहेत. ते उष्णता फार हळू पुढे जाऊ देतं, आणि पाण्याला दूर ठेवत असलं तरी तेलाला मात्र सहज आत घेतं. हे दोन्ही लक्षात ठेवलं की कुठे काय बिघडलं हे आपलं आपल्यालाच कळायला लागतं.

पत्र्याच्या साच्याची कृती जशीच्या तशी वापरणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती बहुतेक सगळेच करतात. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत अ‍ॅल्युमिनियम सिलिकॉनपेक्षा साधारण हजारपट सरस आहे. पत्र्याच्या साच्यात केकच्या कडा आणि तळ लवकर तापतात, त्यांतलं पाणी उडतं आणि पृष्ठभाग १४० अंश सेल्सिअसच्या वर गेला की तो खमंग तपकिरी होऊ लागतो. सिलिकॉनमध्ये कडा इतक्या लवकर तिथवर पोचत नाहीत. वरचा भाग उघडा असल्यामुळे त्याला रंग येतो, आपल्याला वाटतं केक झाला, आणि तळ मात्र फिकटच राहतो.

यावर तापमान वाढवणं हा उपाय नव्हे. त्याने वरचा भाग करपतो आणि साचाही त्याच्या मर्यादेजवळ जातो. तापमान तेच ठेवा, वेळ पाच-दहा मिनिटं वाढवा आणि केक झाला की नाही हे मधोमध काडी घालूनच ठरवा. रंगावर भरवसा ठेवू नका.

साच्याखाली काय ठेवता यानेही बराच फरक पडतो. भरलेला साचा लवलवीत असतो, नुसता उचलला तर मिश्रण सांडतं, म्हणून खाली ट्रे हवाच. पण तो जाड आणि सपाट असेल तर खालून येणारी गरम हवा तिथेच अडते आणि तळ आणखी मागे पडतो. भोकं असलेला ट्रे किंवा ओव्हनची जाळीच वापरा. साचा आधी जाळीवर ठेवा, मग त्यात मिश्रण ओता आणि जाळीसकट ओव्हनमध्ये सरकवा.

काही पदार्थांसाठी मात्र सिलिकॉन निवडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कडक कवचाचा ब्रेड, कुरकुरीत टार्ट आणि पिझ्झा यांना पत्राच हवा. शिफॉन केकही यात बसत नाही. तो साच्याच्या भिंतीला धरून वर चढतो आणि थंड होताना उलटा टांगून ठेवावा लागतो. गुळगुळीत सिलिकॉनवर त्याला पकडच मिळत नाही. याउलट मफिन, चीजकेक, ब्राउनी, गोठवायचे मूस, जेली आणि चॉकलेट यांच्यासाठी सिलिकॉन उत्तम. तिथे तपकिरी कवच नको असतं, पदार्थ अखंड सुटून येणं महत्त्वाचं असतं.

मर्यादा न वाचणं

बहुतेक साच्यांवर २२० किंवा २३० अंशांची मर्यादा छापलेली असते, काहींवर २६०. तो आकडा साच्याच्या पृष्ठभागासाठी आहे. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि साच्याला प्रत्यक्ष लागणारी उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान ओव्हनमध्ये तापणाऱ्या कांड्या साच्यापासून काही बोटांवरच असतात, आणि त्यांच्या थेट झळीने साच्याची वरची कड बटणावरच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त तापू शकते. केकच्या मिश्रणात पाणी असतं, त्यामुळे मिश्रणाला टेकलेला भाग बराच वेळ शंभर अंशांच्या आसपास थोपून राहतो. कोरड्या कडेला असं संरक्षण नसतं. म्हणूनच जुन्या साच्याची कड आधी पिवळसर आणि कडक होते, मधला भाग मात्र नव्यासारखाच राहतो.

साचा मधल्या किंवा खालच्या जाळीवर ठेवा. ग्रिल किंवा ब्रॉइल चालू करायचं असेल तर सिलिकॉन आधी बाहेर काढा. एअर फ्रायरमध्ये हलकी सिलिकॉनची वाटी रिकामी ठेवू नका, पंख्याच्या हवेने ती उडून कांडीला चिकटू शकते. गॅसच्या ज्योतीवर किंवा तव्यावर हे साचे कधीच ठेवायचे नाहीत. ओव्हनच्या आकड्याबद्दल शंका असेल तर आत ठेवायचा साधा थर्मामीटर आणा. त्याचा उपयोग साच्यापुरताच नाही, सगळ्याच बेकिंगला होतो.

नवा साचा नुसता विसळून वापरणं

सुरक्षिततेबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं सिलिकॉन म्हणजे प्लॅस्टिकच, विषारी. दुसरं म्हणतं ते पूर्ण निष्क्रिय आहे, काही बघायची गरज नाही. दोन्ही चूक.

सिलिकॉनचा कणा कार्बनचा नसून, त्याच नावाचं मूलद्रव्य सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंच्या साखळीचा असतो. म्हणूनच नेहमीचं प्लॅस्टिक वितळेल अशा तापमानाला ते टिकतं. पण कारखान्यात ही साखळी घट्ट जोडताना काही छोटे रेणू सुटे राहतात, त्यांना सिलॉक्सेन म्हणतात. त्यातले डी४, डी५ आणि डी६ हे तीन युरोपीय संघाने २०१८ मध्ये अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातले. मुख्य कारण म्हणजे ते निसर्गात लवकर नष्ट होत नाहीत आणि सजीवांच्या शरीरात साठत जातात. डी४ प्रजननक्षमतेला बाधा आणतो असाही संशय आहे. हे सुटे रेणू साच्यातून अन्नात उतरू शकतात. पदार्थात तूप-लोणी जितकं जास्त आणि तापमान जितकं जास्त, तितके ते जास्त उतरतात. दिलासा देणारी गोष्ट अशी की हे प्रमाण पहिल्या काही वापरांत सर्वाधिक असतं आणि पुढे कमी होत जातं.

चांगला उत्पादक साचा विकण्याआधीच तो कित्येक तास तापवून हे रेणू उडवून लावतो. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेची शिफारस अशी आहे की साचा २०० अंशांवर ४ तास ठेवल्यावर त्याच्या वजनातली घट ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. स्वस्त साच्यांमध्ये कधी कधी हीच पायरी उरकून टाकली जाते आणि वास येतो तो त्यामुळे. ही साखळी कोणत्या रसायनाने जोडली आहे तेही पाहा. प्लॅटिनम पद्धतीने जोडलेल्या सिलिकॉनमध्ये पेरॉक्साइड पद्धतीइतके उप-पदार्थ मागे राहत नाहीत. चांगल्या साच्यांवर तसा उल्लेख असतो.

घरी करता येण्यासारखं बरंच आहे. नवा साचा गरम पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडने धुऊन पूर्ण कोरडा करा. मग खिडक्या उघड्या ठेवून रिकामा साचा २०० अंशांवर, म्हणजे छापलेल्या मर्यादेच्या आतच, दोन-चार तास तापवा. त्या वेळी ओव्हनमध्ये दुसरं काही नको. गार झाल्यावर पुन्हा धुवा. एवढं करूनही रबराचा किंवा रसायनाचा वास राहिला तर तो साचा अन्नासाठी वापरू नका.

साचा पिळून पांढरी रेघ उमटते का ते पाहायची चाचणी सगळीकडे सांगितली जाते. तिच्यावर फार विसंबू नका. चांगल्या सिलिकॉनमध्येही बळकटीसाठी सिलिका मिसळलेली असते, त्यामुळे पांढरेपणावरून भेसळ सिद्ध होत नाही. उत्पादकाचं नाव, अन्नासाठी योग्य असल्याचा उल्लेख, छापलेली तापमानाची मर्यादा आणि नाकाला येणारा वास या चार गोष्टींवरून जास्त कळतं.

चिकटत नाही म्हणून काहीच न लावणं, किंवा स्प्रे मारणं

साध्या वाटीच्या आकाराला तेल लागत नाही, हे खरं. पण नक्षीचे बंट केक, साखर जास्त असलेलं मिश्रण आणि अंड्याचा पांढरा भाग जास्त असलेले पदार्थ चिकटतात. नक्षीच्या कोपऱ्यांत ब्रशने लोण्याचा अगदी पातळ हात फिरवा. डब्यातला तेलाचा स्प्रे टाळा. त्यातलं लेसिथिन (तेलात मिसळलेला स्निग्ध घटक) तापून गोंदासारखं बसतं आणि पुढच्या वेळी केक त्यालाच चिकटतो.

केक तुटण्याचं आणखी एक कारण घाई हे आहे. दहा-पंधरा मिनिटं थांबा, भिंती चहूबाजूंनी बाहेर ओढून सैल करा, साचा जाळीवर उलटा करा आणि तळ मधून हलकेच दाबत साचा सोलून काढा. नक्षीचा केक असेल तर पूर्ण गार होऊ द्या. हातमोजे मात्र घालाच. साचा हळू तापतो याचा अर्थ तो गार असतो असा नाही.

ओशटपणा नुसत्या साबणाने घालवत बसणं

साच्यावर राहिलेल्या तेलाच्या थरात धूळ आणि साबणाचा वास दोन्ही मुरतात. डिशवॉशरमधल्या सुगंधी गोळीचा वास केकला लागण्याचं कारणही हेच. आधी कडकडीत पाण्यात लिक्विड घालून साचा अर्धा तास बुडवून ठेवा. मग खाण्याच्या सोड्याची पाणी घालून केलेली लापशी मऊ ब्रशने चोळा, धुवा, कोरडा करा. तरीही बोट फिरवल्यावर मेणचट लागलं तर रिकामा साचा १८० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं तापवा. मुरलेलं तेल पृष्ठभागावर येतं. साचा कोमट असतानाच ते कागदाने पुसून घ्या आणि पुन्हा एकदा धुवा. तपकिरी, वार्निशसारखे डाग निघणार नाहीत. ते भाजून घट्ट झालेलं तेल असतं, दिसायला वाईट पण वापरायला हरकत नाही. पांढरी साय दिसली तर ते जड पाण्याचे क्षार समजा, पातळ व्हिनेगरने जातात. लसूण-कांद्याच्या पदार्थांसाठी वेगळा साचा ठेवा, तो वास व्हॅनिलाच्या केकमध्ये हमखास उतरतो.

स्टीलची घासणी नको, आणि साच्यातच सुरीने केक कापणं तर नकोच. सिलिकॉनला एकदा चीर गेली की ती ओढ बसताच वाढत जाते. कड पिठासारखी झडू लागली, भेगा पडल्या किंवा धुऊन तापवूनही चिकटपणा गेला नाही, तर साच्याचं आयुष्य संपलं. बेकिंगच्या सिलिकॉन चटईबाबत आणखी कडक राहा. बऱ्याच चटयांच्या आत काचेच्या धाग्यांची जाळी असते. त्यामुळे चटई ट्रेच्या मापाची करायला कात्रीने कापायची नाही, आणि तिच्यावर पिझ्झा कटर फिरवायचा नाही. जाळीचा धागा दिसू लागलेली चटई त्याच दिवशी टाकून द्या.