दुसऱ्याच रेसचं व्हायचंय, असं कॅरॅक्टर खेळायचं कसं

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून, कॅरॅक्टर घेऊन, डाइस टाकत खेळायचा गोष्टीचा गेम) खेळणाऱ्या ग्रुपमध्ये कधी ना कधी कोणीतरी असं कॅरॅक्टर घेऊन येतंच. बुटकं ड्वार्फ आहे पण टोकदार कानांचं एल्फ व्हायचंय, टीफ्लिंग आहे पण शिंगं नकोत, लोखंडा-लाकडाचं वॉरफोर्ज्ड आहे आणि हाडामांसाचं शरीर पाहिजे. कल्पना भारी असते, पण तिसऱ्या सेशनपर्यंत तिच्यातली हवा गेलेली असते, कारण "मला एल्फ व्हायचंय" हे पहिल्या दिवशी बोलून झालं की पुढे रोज काय करायचं हे कोणी ठरवलेलंच नसतं. मी असं कॅरॅक्टर दोनदा वाया घालवलंय, तिसऱ्यांदा जमलं, त्यावरून लिहितोय.

आधी शब्दाचं सांगून टाकतो. जुन्या पुस्तकांत कॅरॅक्टरच्या वंशाला 'रेस' म्हटलंय, २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकात तिचं 'स्पीशीज' झालं, पाथफाइंडर या तसल्याच दुसऱ्या गेमवाले २०१९ च्या सेकंड एडिशनपासून 'अँसेस्ट्री' म्हणतात. मराठीत खेळताना रेस म्हणा, वंश म्हणा, काहीही चालेल, फक्त 'जात' म्हणू नका. आमच्या टेबलावर एकाने सहज "माझ्या कॅरॅक्टरला जात बदलायचीय" असं म्हटलं आणि पुढचा पाऊण तास गेम बाजूलाच राहिला.

आता मुद्द्याचं. एल्फ व्हायचंय म्हणजे नक्की काय पाहिजे? बहुतेक लोक इथेच अडकतात कारण ते अख्खी रेस मागतात. अख्खी रेस कोणालाच नको असते हो, त्यातली एक गोष्ट हवी असते. अंधारात दिसायला पाहिजे? मग गॉगल्स ऑफ नाइट विकत घे, ६० फुटांपर्यंत दिसेल, विषय संपला. कॅरॅक्टरची इच्छा अशी एखाद्या दुकानात मिटत असेल तर ती अजून सापडलेली नाही असं समजा आणि आणखी खोदा.

माझं उदाहरण देतो. माझा विझर्ड माणूस आहे, एल्फांमध्ये वाढलेला. पहिल्या दोन वेळा मी लिहिलं होतं की त्याला त्यांच्यासारखं दीर्घायुष्य हवंय, आणि ते टेबलावर खेळता येईना, कारण ७५० वर्षं जगायची इच्छा तुम्ही रात्री कॅम्पफायरपाशी बसून दाखवणार कशी? तिसऱ्यांदा मी २०१४ चं हँडबुक परत नीट वाचलं आणि त्यात एक बारीकशी गोष्ट मिळाली. एल्फ शरीराने माणसाइतक्याच वयात वाढतात, पण स्वतःला मोठं म्हणवून घेतात ते साधारण शंभरीला, आणि तेव्हा लहानपणचं नाव सोडून मोठेपणचं नाव स्वतः निवडतात. झालं. माझा माणूस ५२ वर्षांचा आहे, दाढी पिकलीय, गुडघे दुखतात आणि अजून बाळनावाने फिरतोय. नाव रिन. (हो, साबण. पहिल्या सेशनला सगळ्यांनी पोटभर हसून घेतलंय, तुम्हीही हसा.) तो आज स्वतःला वाटेल ते नाव ठेवू शकतो, अडवणार कोण, पण त्याला सांभाळणारी एल्फ आई दरवेळी म्हणते "अजून वेळ आहे रे" आणि तिच्या लक्षातच येत नाही की याच्याकडे वेळ नाहीये.

बघा, इच्छा केवढीशी झाली. एक नाव. पण आता प्रत्येक सरायवाल्याने "नाव काय म्हाताऱ्या?" विचारलं की मला खेळायला काहीतरी आहे.

याला जोडून अजून एक प्रश्न स्वतःला विचारा, कोणाच्या तोंडून ऐकायचंय? विश्वामित्राला सगळं तप करून झालं, सगळे ऋषी म्हणायला लागले, तरी त्याचा जीव अडकला होता वसिष्ठाने ब्रह्मर्षी म्हणण्यात. तुमच्या कॅरॅक्टरचा वसिष्ठ कोण ते ठरवा आणि ते नाव डीएमला (डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा) द्या. डीएम लोकांना अशी आयती माणसं फार आवडतात. माझ्यासाठी ती आई आहे. रिनला अख्ख्या जंगलाने एल्फ मानलं तरी काही उपयोग नाही.

मग सवयी ठरवा, दोन किंवा तीन, जास्त नको. एल्फ झोपत नाहीत, ४ तास ट्रान्समध्ये बसतात, म्हणून रिनसुद्धा पाठ ताठ करून डोळे अर्धे मिटून बसतो आणि दहा मिनिटांत घोरायला लागतो. रोज संध्याकाळी तो डिसगाइज सेल्फ नावाचा स्पेल (जादूचा मंत्र) टाकून पाण्यात स्वतःचे टोकदार कान बघतो. तो स्पेल तासभर टिकतो आणि नुसता आभास असतो, म्हणजे कान दिसतात पण हात लावला की बोट आरपार जातं. रिन कानाला हात कधीच लावत नाही. हे मी एकदाच बोललो, चौथ्या सेशनला, नंतर परत उच्चार नाही केला, आणि तीन महिन्यांनी पार्टीतल्या, म्हणजे आमच्या टोळीतल्या, रोगने (चोराचं काम करणारं कॅरॅक्टर) तो कान मुद्दाम धरायचा प्रयत्न केला तेव्हा टेबलावर कोणीच हसलं नाही. असं काहीतरी सोडून ठेवायचं आणि गप्प बसायचं, लोक बरोबर उचलतात.

एक नियम मात्र पक्का ठेवा, तुमच्या इच्छेचं बिल तुम्हीच भरायचं. माझा रोजचा एक स्पेल स्लॉट (दिवसाला मोजकेच मिळणारे स्पेल टाकायचे चान्स) त्या कानांवर जातो, तो माझा आहे, ठीक आहे. पण सुरुवातीला मी रिनला मशाल नाकारायला लावायचो, एल्फाला कशाला मशाल म्हणून, आणि त्याच्या धडपडीत दोनदा अख्खी पार्टी सापळ्यात गेली. "माझं कॅरॅक्टर असंच करेल" ही सबब कोणालाच आवडत नाही. मशाल सोडली मी. म्हणजे धरली.

बाकीच्या प्लेअर्सना पण यात जागा द्या, नाहीतर हा तुमचा एकपात्री प्रयोग होतो. सगळ्यात सोपं म्हणजे ज्याच्या कॅरॅक्टरकडे ती गोष्ट आहे त्याच्याशी आधी बोला. आमच्यात एक जण ११० वर्षांची एल्फ खेळते, तिला तिचं मोठेपणचं नाव अजिबात आवडत नाही, घाईत निवडलं म्हणते. आम्ही दोघांनी हे व्हॉट्सअ‍ॅपवर पाच मिनिटांत ठरवलं आणि त्यातून जेवढे सीन निघाले तेवढे माझ्या चार पानांच्या बॅकस्टोरीतून निघाले नाहीत. ती रिनला "बाळा" म्हणते. तो चिडतो. दर वेळी.

आता जरा नाजूक भाग. "मी ऑर्क आहे, ऑर्क वाईट असतात, म्हणून मला माणूस व्हायचंय" हे लिहायला सोपं पण समोर कोणीतरी हाफ-ऑर्क आवडीने खेळत बसलेला असतो आणि त्याला दर सेशनला ऐकावं लागतं की त्याचं कॅरॅक्टर म्हणजे घाण. स्वतःचा तिरस्कार खेळू नका असं नाही, पण त्याला कारण माणसांमधलं द्या, एखादा बाप, एखादं गाव, एखादी घटना. अख्ख्या रेसवर खापर फोडलं की खेळायला काही उरत नाही. आणि हा विषय खऱ्या आयुष्याच्या फार जवळून जातो, जात, रंग, आपलं शरीर आपलं न वाटणं, त्यामुळे सेशन झिरोला (खेळ सुरू व्हायच्या आधीची बैठक) सरळ विचारून घ्या की कोणाला यातलं काही नकोय का. आणि असं कॅरॅक्टर दुसऱ्या कोणी आणलं तर "तू हेच का निवडलंस" हे खोदून विचारू नका. सांगायचं असेल तर सांगेल.

डीएमशी एक गोष्ट खाजगीत बोलायलाच पाहिजे, ही इच्छा पूर्ण होणार आहे का. हो, नाही, किंवा डाइस ठरवेल, तिन्ही चालतं, पण दोघांना माहीत पाहिजे. नाहीतर तुम्ही दोन वर्षं वाट बघता आणि डीएमला वाटतं की तुम्हाला नुसतं झुरायलाच आवडतं.

नियमांत वाटा बऱ्याच आहेत. ऑल्टर सेल्फ या स्पेलने शरीर खरंच बदलतं, पण जास्तीत जास्त तासभर, तेही कॉन्सन्ट्रेशन टिकलं तर, आणि ताकद-बुद्धीचे आकडे आपलेच राहतात. ट्रू पॉलिमॉर्फ हा पूर्ण रूप बदलणारा नवव्या लेव्हलचा स्पेल, म्हणजे विझर्ड १७ व्या लेव्हलला पोचेपर्यंत कॅम्पेन बहुधा संपलेलं असतं, शिवाय तो डिस्पेल होऊ शकतो, म्हणजे दुसऱ्या जादूने उतरवता येतो, आणि ही भीती उरलेला जन्म खेळायला मस्त आहे. डी अँड डीच्या ३.५ एडिशनमध्ये तर दुसऱ्या रेसचे लोक विधी करून अंड्यात जायचे आणि बहामूट या ड्रॅगनदेवाचे ड्रॅगनबॉर्न होऊन बाहेर यायचे. पाथफाइंडरमध्ये अ‍ॅडॉप्टेड अँसेस्ट्री नावाचं फीट (कॅरॅक्टरला मिळणारी खास क्षमता) आहे, शरीर तेच पण वाढलात ज्यांच्यात त्यांची फीट्स घेता येतात, रिनसारख्याला अगदी मापाचं.

पण माझं आवडतं म्हणजे रीइनकार्नेट, मेलेल्याला नवं शरीर देणारा. पाचव्या लेव्हलचा, ड्रुइडचा (निसर्गाची जादू करणाऱ्याचा) स्पेल, १००० गोल्डची तेलं आणि लेपं लागतात, तासभर टाकायला लागतो, आणि मरून १० दिवसांच्या वर झालेले नसावेत. म्हणजे आधी मरायला लागतं, हे आलंच. मग २०१४ च्या नियमात नवी रेस ठरवायला डीएम डी१०० (१ ते १०० आकडा देणारा डाइस) टाकतो किंवा स्वतः निवडतो. त्या आकड्यांचं टेबल नीट बघा, सगळे एल्फ मिळून १०० पैकी २१, माणूस एकटाच २०. एल्फ व्हायला मेलेला माणूस पाचातून एकदा माणूस होऊनच परत येणार. याच्याइतका क्रूर आणि खेळायला चांगला जुगार मी तरी पाहिला नाही.

आमचं ठरलं होतं की डाइस सगळ्यांसमोर पडणार आणि जे येईल ते. रिन गेल्या महिन्यात मेला, मुद्दाम नाही, ट्रोलने मारला. पार्टीने वर्गणी काढून १००० गोल्ड जमवले, रोगने सगळ्यात जास्त दिले. डीएमने डाइस टाकला. ८१. माणूस.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ड्रुइड खेळणारीने विचारलं, शरीर किती वयाचं? स्पेलमध्ये फक्त अ‍ॅडल्ट लिहिलंय, आकडा नाही. डीएम म्हणाला धर २२. मी कॅरॅक्टर शीटच्या मागे बेरीज केली, ५२ झालेत, शंभरीला ४८ राहिले, २२ आणि ४८ म्हणजे ७०.

पुढच्या सेशनला रिन घरी जाणार आहे, आईला विचारायला की कुठलं नाव चांगलं वाटतं.