क्लाउड फायरवॉल की व्हीपीएन? डेव्हलपरांनो, या चुका टाळा

पहिली चूक ‘फायरवॉल की व्हीपीएन’ या प्रश्नातच आहे, कारण दोन्हींची कामे वेगळी आहेत. क्लाउडमधली फायरवॉल कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या कोणत्या क्रमांकाच्या दारावर, येऊ द्यायचे एवढेच पाहते. त्या पत्त्यामागे कोण बसले आहे, याच्याशी तिला कर्तव्य नसते. वायरगार्डसारखे व्हीपीएन, म्हणजे ठरावीक यंत्रांमधली कूटबद्ध खासगी जोडणी, मात्र प्रत्येक यंत्राला त्याच्या किल्लीवरून ओळखते. म्हणून जे सगळ्या जगासाठी आहे, म्हणजे संकेतस्थळाचे ४४३ पोर्ट, तिथे फायरवॉलचा नियम पुरतो. जे चार सहकाऱ्यांपुरतेच आहे, म्हणजे डेटाबेस, एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन) किंवा चाचणीचा सर्व्हर, ते व्हीपीएनमागे असावे.

‘फक्त माझ्या आयपीला (इंटरनेटवरच्या पत्त्याला) परवानगी दिली, मग व्हीपीएन कशाला?’ हा युक्तिवाद मीही केला आहे. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी एका रात्री बदलला, काम अडले, आणि पोस्टग्रेस डेटाबेसच्या ५४३२ पोर्टचा स्रोत मी ‘तात्पुरता’ ०.०.०.०/०, म्हणजे कोणताही पत्ता, केला. तो नियम आठवडाभराने, दुसरेच काही शोधताना, नजरेस पडला. शिवाय अनेक सेवादाते एकच सार्वजनिक आयपी असंख्य ग्राहकांना वाटून देतात, त्यामुळे ज्याला आपण ‘माझा पत्ता’ म्हणतो तो शेजाऱ्याचाही असू शकतो.

याच्या उलटही घडते. व्हीपीएन बसवल्यावर फायरवॉलमधला जुना सार्वजनिक नियम काढायचा राहून जातो, आणि तो असेपर्यंत बाहेरचा रस्ता चालूच असतो. नियम काढताना आयपीव्ही६ (नव्या, लांब पत्त्यांची पद्धत) साठीची वेगळी ओळही पाहावी. ती हमखास विसरली जाते.

जोडणी होत नसेल तर आधी संदेश नीट वाचावा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर बहुधा सर्व्हरपर्यंत पोहोचलो आहोत, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. बराच वेळ थांबून ‘टाइम्ड आउट’ आले तर प्रथम फायरवॉलवर संशय घ्यावा. वायरगार्डच्या हँडशेकची, म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांना ओळखल्याची, वेळच दिसत नसेल, तर सर्व्हरवर ठरवलेले पोर्ट, सहसा ५१८२०, टीसीपीऐवजी यूडीपी या डेटा वाहण्याच्या पद्धतीसाठी उघडले आहे ना, हे तपासावे. टेलनेट या जोडणी करून पाहण्याच्या साधनाने ते तपासण्यात अर्थ नाही, कारण टेलनेट टीसीपीवर चालते आणि वायरगार्ड डेटाच्या अनोळखी पाकिटाला उत्तरच देत नाही.

हँडशेक होतो, एसएसएचही लागते, पण मोठ्या क्वेरीचे उत्तर येताना सगळे गोठते, हा सर्वांत फसवा प्रकार आहे. तिथे बहुतेक वेळा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, आडवा येतो: नेहमीचा १४२० बाइटचा एखाद्या मोबाइल हॉटस्पॉटवर जास्त ठरतो. तो १२८० वर आणून पाहावा आणि जमल्यास हळूहळू वाढवावा. घरचा राउटर आणि क्लाउडमधले खासगी नेटवर्क दोन्ही १९२.१६८.१.०/२४ या एकाच पत्त्यांच्या मालिकेवर असतील, तर मात्र एमटीयूशी खेळून उपयोग नाही; पाकिटे घरातल्या घरात फिरत राहतात, आणि तेव्हा क्लाउडकडची पत्त्यांची मालिकाच बदलावी लागते.