तिसऱ्यांच्या पोटातला चिखल

शिंपल्यांतून समुद्रातले जड धातू मोजायचा विषय हातात पडला असेल, तर सिद्धान्त तुम्हाला माहीत आहेच. हे प्राणी जागचे हलत नाहीत, दिवसभर पाणी गाळतात, पाण्यातलं शिसं-कॅडमियम अंगात साठवतात. १९७५ साली एडवर्ड गोल्डबर्ग यांनी ‘मसल वॉच’ची, म्हणजे शिंपल्यांवरून समुद्राच्या प्रदूषणावर नजर ठेवायची कल्पना मांडली, हे वाक्य तुमच्या प्रस्तावनेत येणारच. माझ्याही आलं होतं. प्रस्तावना हा माझ्या प्रबंधातला एकमेव भाग, जो पुन्हा लिहावा लागला नाही.

आधी वेळेचं सांगते. मुंबईत अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात खाली जातं ते साधारण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. म्हणजे ऐरोलीच्या बाजूला चिखलात उतरायचं तर ठाण्याहून पहाटेची लोकल. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जाऊ नका, पाणी पुरेसं हटतच नाही. ठाणे खाडीचा बराच भाग २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी आधी काढा. पत्र खिशात नसताना कुणी हटकलं तर ‘मी संशोधक आहे’ हे वाक्य अजिबात चालत नाही.

आता माझी चूक. पहिल्या हिवाळ्यात मी साठ तिसऱ्या (चिखलात मिळणारे खायचे शिंपले) गोळा केल्या. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दुपार झालेली, गुडघ्यापर्यंत चिखल, पोटात काही नाही. आईची युक्ती आठवली: तिसऱ्या फ्रीझरमध्ये ठेवल्या की आपोआप तोंड उघडतात, विळीशी झटापट करावी लागत नाही. ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मांस काढलं, साठ अंशांवर वाळवलं, नायट्रिक आम्लात विरघळवलं, आयसीपी-एमएसवर, म्हणजे धातूंचा अंश न् अंश मोजणाऱ्या यंत्रावर लावलं. क्रोमियम, शिसं, लोह सगळंच भरपूर! मी खूश, गाइड खूश. ठाणे खाडी घाण आहे हे सगळ्या मुंबईला ठाऊक असल्यामुळे आकडे मोठे आले की कुणाला शंकाच येत नाही. इथेच माणूस फसतो.

सादरीकरणात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला. ‘अॅल्युमिनियम किती आलं?’

आकडा यंत्राच्या फाइलमध्ये होता, मी पाहिला नव्हता. अॅल्युमिनियम हा चिकणमातीचा मूळ घटक, तिसरी ते मांसात फारसं घेत नाही. माझ्या नमुन्यांत ते प्रचंड होतं. शिवाय ज्या नमुन्यात अॅल्युमिनियम जास्त, त्यातच लोह, क्रोमियम आणि शिसंही जास्त. कॅडमियम तेवढं या रांगेत नव्हतं, ते स्वतंत्र चाललं होतं. मी तिसरीचं मांस मोजलंच नव्हतं. मी तिच्या आतड्यातला गाळ मोजला होता. आणि आपल्या खाडीचा गाळ म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाचा भुगा. त्यात लोह, तांबं, क्रोमियम मुळातच असतं, कारखाना असो नसो.

आईच्या युक्तीचा अर्धाच भाग मी उचलला होता. फ्रीझरच्या आधी ती तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवते, वाळू सोडायला.

तेव्हा हे नीट वाचा. गोळा केलेले शिंपले त्याच दिवशी, जिवंत असताना, स्वच्छ गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात चोवीस तास ठेवायचे. पाण्याची क्षारता खाडीत होती तितकीच हवी, म्हणून खाडीवरच रिफ्रॅक्टोमीटरने मोजून घ्या. नळाच्या पाण्यात टाकलंत तर ते कवच घट्ट मिटून बसतात आणि पोटातलं पोटातच राहतं. मिटलेली तिसरी काहीही सोडत नाही, हे मी दुसऱ्या खेपेला शिकले. हो, दुसऱ्यांदाही चुकले. मत्स्यालयाचा हवेचा पंप लावा. शिंपले थेट तळाशी न ठेवता प्लॅस्टिकच्या चाळणीवर ठेवा, म्हणजे विष्ठा खाली पडेल आणि ते तीच पुन्हा गाळून खाणार नाहीत. मधे दोनदा पाणी बदला. टिचकी मारल्यावर जे मिटत नाहीत ते मेलेले, बाहेर काढा, एक सडला की पाणी नासतं. चोवीस तासांचे चार दिवस करू नका, कारण मग मांसातले काही धातूही सुटायला लागतात. आणि अॅल्युमिनियम प्रत्येक नमुन्यात मोजा. माझ्यासाठी मोजा म्हणा हवं तर.

एक अपवाद. तुमचा प्रश्न ‘खाणाऱ्याच्या ताटात काय जातं’ असा असेल, तर स्वयंपाकघरात धुतात तसंच धुवा आणि तसं स्पष्ट लिहा.

घाबरू नका. मी त्या साठ तिसऱ्या फुकट घालवल्या, एक अख्खा हंगाम घालवला, तरी पदवी मिळाली. परीक्षकांचा राग आला होता. आता येत नाही.

बाकीचं भराभर. स्टीलच्या सुरीने मांस काढू नका, क्रोमियम-निकेल सुरीचंच येतं. प्लॅस्टिकची किंवा सिरॅमिकची वापरा. कालवं अंगात जस्त आणि तांबं भरमसाट साठवतात, तो त्यांचा स्वभाव आहे. वांद्र्याच्या खडकावरच्या कालवांची ऐरोलीच्या तिसऱ्यांशी तुलना करून ‘वांद्र्यात जस्त जास्त’ असं लिहिलंत तर हसं होईल. युरोपीय मर्यादा (शिसं १.५, कॅडमियम १ मिलिग्रॅम प्रति किलो) ओल्या वजनावरच्या आहेत. मांसात साधारण ऐंशी टक्के पाणी असतं, त्यामुळे सुक्या वजनाचा आकडा पाचपट दिसतो. हे न पाहता ‘मर्यादेच्या पाचपट शिसं’ अशी बातमी देऊ नका.

बाजारातून तिसऱ्या विकत घेऊन काम उरकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच, बहुतेक स्वतः कधी चिखलात न उतरलेलं माणूस. कोळीणमावशीच्या पाटीतल्या तिसऱ्या कुठल्या खाडीच्या, हे तिलाही दरवेळी सांगता येत नाही. प्रमाणित संदर्भ नमुना (ज्यातले धातू आधीच नक्की ठाऊक असतात) आणि ब्लँक (ज्यात शिंपला नसतो, नुसती रसायनं असतात) यांचे आकडे न देता नुसता अहवाल पाठवणारी बाहेरची प्रयोगशाळाही तशीच. आणि माझं ठाम मत सांगते, पटो न पटो: तुमचा खरा गुरू म्हणजे आम्लाने भांडी धुणारा प्रयोगशाळा सहायक. दहा टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर बुडवलेली बाटली कोणती आणि नुसती विसळलेली कोणती, हे त्याला हातात घेताच कळतं. त्याला चहा पाजा.

जूनमध्ये सुरुवात करू नका. पावसात खाडीची क्षारता पडते, शिंपले दिवसेंदिवस मिटून राहतात, आणि अंडी सोडली की मांस हलकं होऊन धातूचं प्रमाण उगाच चढलेलं दिसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. प्रत्येक वेळी एकाच मापाच्या तिसऱ्या घ्या. व्हर्नियर कॅलिपर दोरीने गळ्यात बांधा, माझा एक अजून ऐरोलीच्या चिखलात आहे. पहिल्या दिवशी दोन तासांत मला वीस सापडल्या होत्या. शेजारच्या मावशींची तेवढ्यात पाटी भरली, आणि उरलेल्या चाळीस त्यांनीच काढून दिल्या.